मदत हवी आहे : संपादकांनी घागरीवरचं डांगर काढून भोपळा ठेवलाय

मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. शाळेत शिकवते, सुट्टीत कथा लिहिते. आजवर छोट्या अंकांत दोन-तीन आल्या, तिथे कुणी काना-मात्रा बदलली नव्हती (माझी चुकलेलीसुद्धा). यंदा पहिल्यांदाच एका मोठ्या दिवाळी अंकाने कथा घेतली. घरात पेढे वाटून झाले. परवा मुद्रिताची (छपाईआधी तपासायच्या प्रुफाची) पीडीएफ आली आणि वाचता वाचता माझा चहा गार झाला.

कथा आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची आहे. लेक माहेरी येणार म्हणून धल्ली (म्हातारी) माय सकाळपासून वाट बघते. पितरांची घागर भरते, घागरीवर डांगर ठेवते. लेक काही येत नाही. दिवेलागणीला धल्ली ते डांगर चिरते आणि ओट्यावर बसून एकटीच खाते. संपली कथा.

आपल्याकडे डांगर म्हणजे खरबूज, हे इथल्या खान्देशी मंडळींना सांगायला नको. मुद्रितात सगळीकडे ‘भोपळा’ झालाय. एक तर लाल भोपळ्याखाली ती घागर टिकायची नाही. आणि शेवटी माझी म्हातारी अंधारात बसून कच्चा भोपळा खातेय! कथा करुण आहे हो, मला हसू यायला लागलं.

दुसरं संवादांचं. धल्ली विचारते, “मन्ही आंडेर आखाजीले काबर उनी नही?” त्याचं झालं, “माझी मुलगी अक्षय्य तृतीयेला का बरे आली नाही?” ही बाई माझ्या गावची नाहीच. बहिणाबाईंच्या कविता १९५२ साली त्यांच्याच बोलीत पुस्तकरूपाने आल्या, हे उदाहरण देणार होते. पण ते म्हणायचे, बाई, तुम्ही बहिणाबाई नाही आहात!

तिसरं, शेवटी एक वाक्य वाढवलंय : ‘तिच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले.’ मी ते मुद्दाम लिहिलं नव्हतं.

आता खरी अडचण. त्यांनी सुरुवातीचं सव्वा पान उडवलंय, एस.टी.तल्या प्रवासाचं. दिवसभर धुसफुसले. रात्री पुन्हा वाचलं तर कथा त्याच्याशिवाय बरी चाललीय. तेव्हापासून माझ्या रागावरच माझा भरवसा नाही. कुठे अडून बसायचं आणि कुठे मुकाट्याने मान्य करायचं, हे तुम्ही लिहिणारे कसं ठरवता? आमचे हे म्हणतात, आधी छापून तर येऊ दे. चार दिवसांत मुद्रित परत द्यायचंय.

प्रतिसाद १
ताई, मी बरीच वर्षं मुद्रितं तपासली आहेत, टेबलाच्या त्या बाजूचं सांगतो. डांगर-भोपळा हा मतभेद नाहीच, ती चूक आहे. दोन ओळींत कळवा, कुणीही संपादक दुरुस्त करेल, उलट वाचलो म्हणेल. संवादांसाठी आधार हवा असेल तर साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखननियमसुद्धा पात्राच्या तोंडी ‘असं केलं’सारखी बोलण्यातली रूपं चालवून घेतात. मात्र निवेदनात तुमच्या वाक्यांची जुळवाजुळव केली असेल तर सोडून द्या. तिथे बहुतेक वेळा आपला अहंकार दुखावतो, कथा नाही.
एक करा. सुटे मेसेज टाकत बसू नका. मूळ वर्ड फाइल आणि मुद्रित शेजारी ठेवून पान-ओळ घालून एकच पत्र लिहा, आणि त्याची सुरुवात त्या सव्वा पानाचे आभार मानून करा. ही लबाडी नव्हे, तुम्हाला ते खरंच पटलंय. पटलेलं कबूल करणाऱ्या लेखकाचा नकार जास्त ऐकला जातो.

प्रतिसाद २
१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे. लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर लेखक दाद मागू शकतो, हक्क विकून टाकले असले तरी. पण भोपळ्यासाठी कोर्टात जाऊ नका. माहीत असू द्या एवढंच.

प्रतिसाद ३
वहिनी, धुळ्याहून लिहितोय. आंडेरची ‘मुलगी’ केली त्याच दिवशी मी कथा परत मागितली असती. अर्थात माझी कथा अजून कुठेच छापून आलेली नाही, हेही सांगतो.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. पत्र पाठवलं, आज संपादकांचा फोन आला. माणूस चांगला निघाला. कोकणातले आहेत, त्यांच्या घरी डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचं तोंडीलावणं. ते घागरीवर कसं ठेवतील म्हणून त्यांनी शब्दकोश उघडला आणि भोपळा सापडला! डांगर परत आलंय. संवादही माझेच राहतील, फक्त ‘आंडेर’ पहिल्यांदा येतं तिथे आधीच्या वाक्यात ‘लेक’ आणायचं ठरलं. तळटीप त्यांनाही नकोय.

अश्रू मात्र अडलेत. वाचकाला शेवट कळायला हवा, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, तिने डांगर चिरलं म्हणजेच ती आता वाट बघत नाहीय. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “उद्या बोलू.” ते वाक्य नको हे आणखी कसं समजवावं, कुणाला सुचतंय का?