मुलीच्या दातांना तारा बसवण्याविषयी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. माझी मुलगी १२ वर्षांची असून तिचे वरचे सुळे जागेअभावी पुढे, हिरडीत उंचावर आले आहेत. दादर येथील दंतचिकित्सकांनी एक्स-रे व दातांचे साचे घेऊन, जागा करण्यासाठी चार उपदाढा (सुळ्यांच्या मागच्या लहान दाढा) काढाव्यात आणि दीड ते दोन वर्षे तारा ठेवाव्यात, असे सुचवले आहे. तारा घट्ट केल्यावर दोन-चार दिवस दात ठणकतात, हे समजण्यासारखे आहे. परंतु निरोगी दात काढण्याच्या कल्पनेने मन कचरते, म्हणून ज्यांच्या मुलांचे असे दात काढले त्यांनी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतले होते का, हे कृपया सांगावे. तारांऐवजी दातांवर बसवायचे, काढता-घालता येणारे प्लास्टिकचे पारदर्शक साचे, म्हणजे अलाइनर, दिवसातून सुमारे २२ तास लावावे लागतात. शाळेचा डबा, शिकवणी आणि कबड्डीचा सराव यांत ते निभावेल, असे मला वाटत नाही. मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात उपचार घेतलेल्या पालकांनी प्रतीक्षेचा कालावधी व साधारण खर्च कळवावा. तारा काढल्यानंतर रिटेनर (दात पुन्हा जागेवरून सरकू नयेत म्हणून लावायचे साधन) नियमित लावण्याची सवय किशोरवयीन मुलांना कशी लावली, हेही जाणून घ्यायचे आहे.