मरणाबद्दल शेवटचा शब्द न्यूरोसर्जनचा का?

ओसरी
हेन्री मार्श यांचं 'डू नो हार्म' (२०१४) पुन्हा वाचलं. लंडनचा न्यूरोसर्जन, पण फुशारकी नाही, स्वतःच्या चुकाच सांगत बसतो. एक प्रसंग काही केल्या डोक्यातून जात नाही. मेंदूच्या तळाशी मोठी गाठ, तासन्‌तास चाललेलं ऑपरेशन. थोडी गाठ ठेवून थांबायला हवं होतं, हा थांबला नाही. रक्तवाहिनी फाटली, पेशंट शुद्धीवर आलाच नाही. पुढे काही वर्षांनी एका शुश्रूषागृहात त्यांना तोच माणूस दिसतो, खाटेवर मुटकुळं होऊन पडलेला. मार्श इच्छामरणाच्या कायद्याची उघड बाजू घेतात, त्याचं मूळ मला या खाटेपाशी दिसतं. ज्याने मेंदू उघडून पाहिलाय, त्याचं मत या वादात जास्त वजनाचं धरायला हवं. बोला.

पाणपोई
साफ असहमत. त्या खाटेवरच्या माणसाला पुस्तकात तोंडच नाही. पश्चात्ताप सर्जनचा, पान सर्जनचं, वाहवाही पण सर्जनची.

आपल्याकडचं बघा. अरुणा शानबाग, केईएमची नर्स. १९७३ मध्ये तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला, तेव्हापासून २०१५ पर्यंत अंथरुणात. तिला शांतपणे मरू द्यावं म्हणून पत्रकार-लेखिका पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २०११ च्या निकालात कोर्टाने ठरावीक अटींवर उपचार थांबवायला वाट करून दिली, पण अरुणाच्या बाबतीत ऐकलं ते केईएमच्या लोकांचं. सिस्टर म्हणत होत्या, ती आमची आहे, आम्ही सांभाळू. इतक्या वर्षांत तिला बेडसोअर होऊ दिले नाहीत, याची न्यायमूर्तींनी निकालात दखल घेतली. वजनच करायचं तर कूस बदलणाऱ्या हातांचं करा.

रातकिडा
पाणपोई, कूस मी बदललीय. वडिलांची, चौदा महिने, दर दोन तासांनी. मेंदूत रक्तस्राव. रात्री दीड वाजता आयसीयूबाहेर सर्जन म्हणाले, "जीव वाचेल, सही करा." पेन वॉचमनकडून घेतलं. कवटीचा काढलेला तुकडा पोटाच्या कातडीखाली ठेवला होता. पुसताना हाताला लागायचा, खोबऱ्याच्या वाटीसारखा. जीव वाचला. गळ्यात नळी, नाकात नळी, नजर पंख्याकडे. "वाचेल म्हणजे नेमकं काय?" हे त्या रात्री मला विचारायला सुचलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मार्श निदान ते छापून सांगतो. आणि सिस्टर प्रेमाने करतात म्हणून त्या माणसाला तसं जगायचंच होतं, हे कशावरून?

पाणपोई
नाहीच म्हणता येणार. पण नको होतं, हे तरी कशावरून?

हिरवा चाफा
म्हणून तर गोष्टी लिहाव्या लागतात. आठवणी लिहिणारा डॉक्टर खाटेच्या या बाजूला उभा राहतो. पलीकडे जायचं तर कल्पनाच लागते. इव्हान इलिचचं मरण लिहिणारा टॉलस्टॉय कुठे डॉक्टर होता?

खरोखर पलीकडे गेलेला न्यूरोसर्जन म्हणजे पॉल कलानिधी. आधी इंग्रजी साहित्य, मग मेंदू, मग स्वतःलाच फुप्फुसाचा कॅन्सर. शेवटी व्हेंटिलेटर नको म्हणाला, कारण त्यावरून परत येईल याची खात्री नव्हती. ९ मार्च २०१५ ला गेला, ३७ व्या वर्षी. त्याच्या 'व्हेन ब्रेथ बिकम्स एअर' या आत्मकथनाचा शेवट बायकोला लिहावा लागला. (योगायोग बघा, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग विलला, म्हणजे पुढे शुद्ध हरपली तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली तीही ९ मार्चलाच, २०१८ साली.)

ओसरी
म्हणजे शेवटी न्यूरोसर्जनच!

हिरवा चाफा
अहो, तो पेशंट म्हणून बोलला. शुद्धीत होता, नाही म्हणता आलं. रातकिड्यांच्या वडिलांना ती सोय होती का?

ओसरी
हे मान्य. 'वजन' शब्द मागे घेतो. तरी मार्श वाचाच.

पाणपोई
वाचलाय हो. वाचूनच भांडतेय.

रातकिडा
आता लिव्हिंग विलला मॅजिस्ट्रेटची सही लागत नाही, २०२३ पासून नोटरी चालतो. गोव्यात २०२४ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती सोनक यांनीच आधी स्वतःचं करून दाखवलं. ते वाचून मीही आमच्या नोटरीकडे गेलो. कागद उलटसुलट बघून म्हणाला, "साहेब, यात मालमत्तेचा तपशीलच नाहीये."