चक्कर, घेरी, भोवळ, झीट: सगळं एकच का?

पाटीपेन्सिल
गेल्या महिन्यात आईला (वय ७१) कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांचा पहिलाच प्रश्न, "काकू, चक्कर येते म्हणजे नक्की काय होतं?" आई म्हणाली, "अहो, चक्कर येते म्हणजे चक्कर येते!" डॉक्टर हसले, पण पिच्छा सोडेनात. घर फिरतं, की डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना झोक जातो? तेव्हापासून डोक्यात आहे, हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. मुळात फरक आहे का? आणि चक्कर थांबल्यावरही आठ-दहा दिवस तिला 'कसंतरीच' होत होतं, त्याला काय म्हणायचं?

कौलारू
फरक आहे, निदान होता. भोवळ ही भोवणे, भोवरा, भोवती यांच्या घरातली. मूळ संस्कृत 'भ्रम्', फिरणे. चक्कर चक्रातून आलेली, म्हणजे तिथंही फिरणंच. झीट मात्र पडण्याकडे झुकते: 'झीट येऊन पडला'. अंधारीत फिरणं मुळीच नाही, उकिडवं बसून झटकन उठलं की येते ती. आता बातमीत 'उन्हाने भोवळ येऊन कोसळली' असं छापतात, म्हणजे भोवळीतलं फिरणं कधीच गेलं. भोवंडणे हे क्रियापद अजून शाबूत आहे. फुगडी सोडल्यावर अंगण फिरत राहतं ना, ते भोवंडणं.

कानगोष्टी
मी याच धंद्यातला. अंधारी म्हटलं की आम्ही आधी रक्तदाब बघतो, घर फिरतं म्हटलं की कान. पण नुसत्या शब्दावर विसंबत नाही, कारण तोच पेशंट दहा मिनिटांनी दुसरा शब्द सांगतो. कशाने सुरू होतं आणि किती वेळ टिकतं, हे जास्त भरवशाचं.

पाटीपेन्सिल, आईंना कुशीवर वळताना होतं का? आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, द्रवाने भरलेल्या. शेजारच्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी सूक्ष्म खडे असतात. ते निसटून नळीत शिरले की मान थांबली तरी द्रव हलत राहतो. कान सांगतो 'फिरतोय', बाकीचं शरीर म्हणतं 'नाही'. छत गरगरतं, बुबुळं झटके देतात, मळमळतं, आणि बहुधा मिनिटाच्या आत सगळं शांत. यावर गोळ्यांपेक्षा डोकं ठरावीक क्रमाने वळवून खडे परत पिशवीत पाठवण्याची एप्ली यांची युक्ती चांगली चालते. कानाला दडा बसून, कुईं आवाज येऊन तासन्‌तास गरगरत असेल तर मेनिएरचा विचार करतो. १८६१ साली पॅरिसमध्ये प्रॉस्पर मेनिएर यांनी हे दुखणं कानाचं असल्याचं मांडलं. तोवर सगळं खापर मेंदूवर फुटायचं.

खाडीकाठ
बोट लागणे, गाडी लागणे राहिलं की! यातही कान आणि डोळे यांचंच भांडण: घाटात पुस्तक वाचायला घेतलं की डोळ्यांना अक्षरं स्थिर, कानाला वळणं. ऊन लागतं, ठेच लागते, नजर लागते, तशी गाडी 'लागते'. दोष कायम बाहेरच्याचा, आपला कान नामानिराळा! कोकणीत घुंवप म्हणजे फिरणे, त्यावरून घुंवळ.

पाटीपेन्सिल
हो, उजव्या कुशीवर वळतानाच. पहिल्या रात्री तिने पलंगाची कड अशी धरली होती की सकाळीही बोटं आखडलेली. ती युक्ती दोनदा केली, गरगर गेली. पण आता ती मंडईत एकटी जात नाही. दोन्ही बाजूंनी माणसं सरकायला लागली की हातातली पिशवी घट्ट धरून जागीच थांबते. जोडीला थकवा. फोडणीत मोहरी टाकली का, तेही आठवत नाही. भाऊ म्हणतो, "मनाचं आहे."

कानगोष्टी
मनाचं आहे म्हणजे खोटं आहे, असं भावाला म्हणायचं असेल तर ते चूक. एरवी तोल आपोआप सांभाळला जातो. कान दगा देऊ लागला की मेंदू ते काम लक्ष देऊन करतो, मग मोहरीसाठी लक्ष उरत नाही. डोळ्यांवर भिस्त वाढते, म्हणून मंडईतली हलती गर्दी सोसत नाही. वर पुन्हा पडू ही भीती. असं तीन महिने किंवा जास्त, बहुतेक दिवशी राहिलं तर त्याला वेगळं नाव आहे. त्याची व्याख्या २०१७ साली पक्की झाली. व्यायामाने, उपचाराने फरक पडतो. आईंना पुन्हा दाखवा.

कौलारू
मराठीने तर शरीर आणि मन वेगळं केलंच नाही. तोल पायांचा जातो, तसाच बोलण्यातही जातो. आयुर्वेदात भ्रम म्हणजे चक्करच, आपण तो शब्द नुसता मनाकडे ढकलला.

खाडीकाठ
त्या 'कसंतरीच'ला होडीतून उतरल्यावर धक्का हलतो तसं म्हणता येईल?

पाटीपेन्सिल
आत्ताच आईला विचारलं. म्हणाली, "होडीत मी कधी बसले? गादीवरून चालल्यासारखं वाटतं, उभी राहिले की पाय रुततात." चिठ्ठीवर लिहून घेतलंय, गुरुवारी डॉक्टरांना हेच वाचून दाखवणार.