फरक्क्यानंतर हिल्सा घटला, हे संख्याशास्त्राने कसे दाखवावे?

प्रश्न
नमस्कार. समुद्रातून गंगेच्या गोड्या पाण्यात अंडी घालायला चढणारा हिल्सा मासा पूर्वी अलाहाबादपर्यंत मिळत असे. १९७५ मध्ये पश्चिम बंगालमध्ये गंगेवरचा फरक्का बंधारा सुरू झाल्यावर वरच्या पात्रात तो अत्यंत दुर्मीळ झाला. मी वरच्या भागातील एका केंद्रावरील वार्षिक पकडीच्या नोंदी घेतल्या आणि १९७५ पूर्वीच्या व नंतरच्या सरासऱ्यांची टी-चाचणीने (दोन सरासऱ्यांतील फरक तपासणाऱ्या चाचणीने) तुलना केली. पी-मूल्य, म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता, अतिशय लहान आले, तरी मार्गदर्शकांना ते पुरेसे वाटले नाही. माझे काय चुकले असावे?

प्रतिसाद १
पकड म्हणजे माशांची संख्या नव्हे. मासा मिळेनासा झाला की कोळी त्या पाण्यात जाळे टाकणे सोडतात, त्यामुळे पकडीतील घट काही अंशी मेहनतीतीलच घट असते. होड्या, जाळ्यांची लांबी, आसाचा (जाळ्याच्या छिद्राचा) आकार आणि तास यांची नोंद मिळत असेल, तर प्रति जाळे-तास पकड काढा. शिवाय टी-चाचणी प्रत्येक वर्ष स्वतंत्र मानते; प्रत्यक्षात यंदाचे मासे आधीच्या वर्षांच्या अंड्यांतून आलेले असतात, म्हणून आपले पी-मूल्य वाजवीपेक्षा लहान आले आहे.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. मग बंधाऱ्याखालचे केंद्र तुलनेसाठी घेतले तर चालेल का? आणि नंतरच्या अनेक वर्षांतील शून्यांचे काय करावे?

प्रतिसाद २
खालचे केंद्र घेताना सावध राहा. वाट अडलेले मासे बंधाऱ्याच्या पायथ्याशी गोळा होतात व तिथे सहज सापडतात, म्हणजे बंधाऱ्याचा परिणाम त्या केंद्रावरही झालेलाच असतो. त्याला नियंत्रण (बंधाऱ्याचा परिणाम न झालेले तुलनेचे केंद्र) मानल्यास वर-खालचा फरक फुगून दिसेल. त्याऐवजी वरच्याच केंद्रावरील, समुद्राशी संबंध नसलेल्या रोहू-कटल्याच्या नोंदी शेजारी ठेवा. प्रदूषण, कमी झालेले पाणी किंवा अतिमासेमारी हेच मुख्य कारण असते, तर तेही घटले असते. मात्र केवळ हिल्साच कोसळला असेल, तर बंधाऱ्याकडे बोट दाखवायला आधार मिळतो. माझ्या मते आपल्या प्रकल्पाचा खरा गाभा ही तुलनाच आहे.

शून्ये मात्र काढून टाकू नका, कारण सांगायची गोष्ट त्यांच्यातच आहे. त्यात एक मिळवून लॉग घेण्याची पद्धतही टाळा. हिल्सा थव्याने फिरतो, त्यामुळे मोजणीतील विचरण (आकड्यांचा पसारा) सरासरीच्या कितीतरी पट असते. तिथे ऋण द्विपद प्रतिमान (असा मोठा पसारा सामावणारे मोजणीचे प्रतिमान), जाळे-तासांचा लॉग ऑफसेट म्हणून, म्हणजे मेहनतीतील फरक हिशेबात धरणारे ठरावीक पद म्हणून घेऊन, अधिक योग्य ठरेल. त्यासाठी वार्षिक बेरजेऐवजी महिनावार नोंदी मिळवा, कारण माशांचे पावसाळ्यात नदीत वर चढणे वर्षाच्या बेरजेत हरवून जाते.