मदत हवी आहे : सैनिकाला स्कार्लेट फीवर, किती दिवस वेगळं ठेवतील?

शाईचा_डाग : एकांकिका लिहितोय. युद्धातला सैनिक, अंगभर लाल पुरळ, स्कार्लेट फीवर. किती दिवस वेगळं ठेवतील आणि मरेल कधी? संहिता उद्या द्यायचीय. गूगल कर म्हणू नका.

आज्जीचा_बटवा : माझ्या नातवाला झाला होता. जीभ स्ट्रॉबेरीसारखी, अंग पॉलिश पेपरसारखं खरखरीत. चार दिवसांत उड्या मारायला लागला, तरी ॲमॉक्सिसिलिन पुरते दहा दिवस दिलं. मध्येच सोडू नका हो.

शाईचा_डाग : आजी, आजारी मी नाही!

सूक्ष्मदर्शी : कुठलं युद्ध? कुणाचं सैन्य? साल?

शाईचा_डाग : दुसरं महायुद्ध, अजून कुठलं? अमेरिकी नौदलाची प्रशिक्षण छावणी.

सूक्ष्मदर्शी : "अजून कुठलं" काय! पहिल्या युद्धात या तापाच्या जंतूवर, म्हणजे स्ट्रेप्टोकोकसवर, औषधच नव्हतं. तुमच्या छावणीत सल्फाडायझिन हे जंतूंवरचं सल्फा औषध असेल. १९४३च्या अखेरीपासून नौदलाने धडधाकट रंगरुटांनाही ते रोज थोडं थोडं द्यायला घेतलं. आधी रुग्ण घटले, मग औषधाला न जुमानणारे स्ट्रेप्टोकोकस माजले. साल सांगा.

मराठी_बाणा : लोहितांग ज्वर म्हणा की. मराठी शब्द असताना फीवर कशाला?

गोड_गोळी : होमिओपॅथीचे जनक हानेमान हाच ताप रोखायला बेलाडोना द्यायचे. त्यावर कुणी बोलणार नाही.

सूक्ष्मदर्शी : त्यांच्या काळी हा जंतूच कुणाला ठाऊक नव्हता. वेगळा धागा काढा.

रिकामटेकडा : या तापाने जीव वाचल्याचंही उदाहरण आहे. इटालियन रसायनतज्ज्ञ प्रीमो लेव्ही जानेवारी १९४५मध्ये आउशवित्झला याच तापाने दवाखान्याच्या बराकीत पडून होते. चालू शकणाऱ्या कैद्यांना नाझींनी थंडीत हाकलत नेलं, त्यांतले हजारो वाटेतच गेले. लेव्ही मागे राहिले. २७ तारखेला सोव्हिएत फौज आली.

शाईचा_डाग : भारी. पण माझ्याला मारायचाय, पहिल्या अंकात. साल १९४५.

रिकामटेकडा : एकांकिकेत पहिला अंक?

सूक्ष्मदर्शी : तरणाबांड गडी पुरळाने सहसा मरत नाही. काही आठवडे वेगळा ठेवा; पेनिसिलीन मिळालं तर बरंच कमी. पुरळ जाऊ दे, बोटांची सालं निघू देत, त्याला वाटू दे सुटलो. मग दोन-तीन आठवड्यांनी गुडघे सुजू देत. ऱ्हुमॅटिक फीवर. खरा घात तिथे होतो, हृदयाची झडप कायमची बिघडू शकते. एकही गोळी न झाडता नौदलातून घरी.

शाईचा_डाग : हे जमेल. एक राहिलंच, छावणीत दुसऱ्या कुणालाच पुरळ नाही. मग ताप आला कुठून?

सूक्ष्मदर्शी : हे आधी सांगायचं ना! पुरळ येतं ते जंतूच्या विषाने; ज्याच्या अंगात या विषाची प्रतिकारशक्ती आहे त्याला ते येत नाही, नुसता घसा धरतो. जंतू मात्र तो वाटत फिरतो.

रिकामटेकडा : मग शेजारच्या खाटेवरच्या मित्राला पहिल्याच प्रवेशात खोकू दे.

आज्जीचा_बटवा : खोकला नको. खोकला-सर्दी असेल तर बहुधा हा जंतू नसतो, आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय. पाणी गिळताना कळवळू दे त्याला.