घरमालकाला केलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज 'लेखी' का धरू नये?

ऐरोलीची भाडेकरू
गेल्या पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला ओल आली, पोपडे गादीवर पडायला लागले. मालकांना सहा फोटो पाठवले. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. घर सोडताना त्याच भिंतीच्या रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापले, वर म्हणाले, "लेखी कुठे कळवलंत?" करार आपण घरबसल्या अंगठा लावून ऑनलाइन नोंदवतो. मग त्याच घराबद्दलचा मेसेज लेखी का नाही? दोघांचे नंबर आणि ईमेल करारात असावेत, त्यावर पाठवलेलं लेखी धरावं. कायद्यातच तशी दुरुस्ती हवी.

नौपाड्याचे काका
ताई, तुमच्यावर अन्याय झाला, मान्य. पण सरसकट नको. मी ७२ वर्षांचा, माझाही एक फ्लॅट भाड्याने आहे. माझा फोन अर्धा वेळ नातवाच्या हातात असतो. टीक निळी झाली म्हणजे मी वाचलं असं नाही. पोस्टमन सही घेतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ मध्येही नोटीस लेखी आणि सहीची लागते. पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय.

खारघर, करार नोंदणीचं काम करतो
काका, १०६ भाडेपट्ट्याला (लीजला) लागतं. आपला ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स हा परवाना, म्हणजे नुसती राहण्याची परवानगी, तिथे नोटीस कशी द्यायची ते करारच ठरवतो. आणि मसुदे बघा! मालक राहतो पुण्याला, करारात पत्ता त्याच भाड्याच्या फ्लॅटचा. भाडेकरूने मालकाला धाडलेलं पत्र भाडेकरूच्याच दारात परत येतं. रजिस्टर पोस्ट तर २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, तरी मसुद्यात तेच छापलेलं. उलट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली पीडीएफ पोचली आणि उघडली गेली, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका वसुलीच्या प्रकरणात ती नोटीस ग्राह्य धरली होती.

ऐरोलीची भाडेकरू
मालकांनी घर बघायला येण्याचंही तेच. "येतोय" असा मेसेज आणि अर्ध्या तासात बेल. आपल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात पूर्वसूचना हवी एवढंच आहे, किती तास आधी ते नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात २४ तास आधी कळवायचं आहे, इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही चालतं. पण राज्याने स्वीकारला तरच तो लागू.

नौपाड्याचे काका
घराची दुरुस्ती, भेटीची वेळ मेसेजवर असू द्या. घर खाली करायला सांगायचं तर कागदच हवा. आमच्या बिल्डिंगमधल्या भाडेकरूला रात्री साडेअकराला मेसेज आला, "महिनाअखेर खाली करा." बायकोला सातवा महिना. कागदावर लिहून सही करावी लागली असती, तर मालकाने निदान रात्रभर विचार केला असता.

ऐरोलीची भाडेकरू
काका, पण वेळ-तारखेसकट तो मेसेज आज त्या भाडेकरूकडे आहे. दाराखालून सरकवलेला कागद "मी दिलाच नाही" म्हणून झटकता येतो. मी आता कोपरखैरण्यात घर बघतेय. नंबर-ईमेलचं कलम असल्याशिवाय अंगठा लावणार नाही.