अब्दुल्लाखान सय्यद: बादशाही सावरू पाहणारा वजीर की ती बुडवणारा?

धागाकर्ता

बाळाजी विश्वनाथाची दिल्लीस्वारी आपण शाळेपासून वाचत आलो. सनदा मिळाल्या, तीस वर्षांची कैद भोगून येसूबाई परतल्या, धडा संपला. पण त्या सनदा ज्याच्या वजिरीत निघाल्या, तो सय्यद अब्दुल्लाखान कुतुबुल्मुल्क ‘सय्यद बंधूंपैकी थोरला’ एवढ्यावरच उरकला जातो. मला हे खटकतं.

माझं म्हणणं असं: औरंगजेबानंतर बादशाही तलवारीच्या जोरावर टिकणार नाही, राजपूत आणि मराठे यांना वाटा देऊनच टिकेल, हे ओळखून त्या दिशेने सलग कारभार करू पाहणारा हा शेवटचा वजीर. घराणं दोआबातल्या बारहा सय्यदांचं, पिढ्यान्‌पिढ्या मोगलांच्या आघाडीला लढणारं. जानेवारी 1713 मध्ये आग्र्याजवळ बादशहा जहांदारशहाचा पाडाव करून फर्रुखसियरला गादीवर बसवलं ते या दोन भावांनी. अब्दुल्लाखान वजीर झाला, धाकटा हुसेनअली मीरबक्षी, म्हणजे लष्करी खात्याचा प्रमुख. त्याच वर्षी जिझिया, म्हणजे बिगरमुस्लिमांवरचा कर, उठला. जोधपूरचा अजितसिंग आणि आमेरचा सवाई जयसिंग यांना पुन्हा मानाच्या जागा मिळाल्या. 1718 मध्ये हुसेनअलीने शाहूंशी करार केला: दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी, शिवाय स्वराज्याचा मुलूख, बदल्यात पंधरा हजार घोडदळाची चाकरी आणि दहा लाखांची पेशकश (नजराणा). बादशहाने करार नाकारला, तेव्हा भावांनी बादशहाच बदलला.

हे सगळं स्वार्थापोटी, असं म्हणून मोकळं होता येईल का?

पहिला प्रतिसाद

म्हणता येईल, आणि म्हणायलाच हवं. जिझियाचं श्रेय सय्यदांच्या पदरात टाकताना जुल्फिकारखानाला विसरू नका. ज्याने 1689 मध्ये रायगड घेतला, जिंजीला वेढा घालून बसला, तोच माणूस जहांदारशहाचा वजीर झाल्यावर जिझिया उठवतो, राजपुतांना सुभे देऊ करतो, मराठ्यांशी जुळवून घेतो. म्हणजे ही वाट आधीच पडलेली होती. सय्यदांनी त्याच वजिराला संपवणाऱ्या बादशहाला गादीवर आणलं आणि मग त्याचंच धोरण पुढे चालवलं. गरजेपोटी घेतलेल्या निर्णयांना तुम्ही दृष्टी म्हणताय.

आणि रतनचंद? अब्दुल्लाखानाचा दिवाण. वजिराने कारभार त्याच्यावर सोडला आणि त्याने वसुली इजाऱ्याने देण्याचा सपाटा लावला. जो जास्त बोली लावेल त्याला महाल. त्यात रयत भरडली जाणारच. वाटा देऊन राज्य टिकवायचं म्हणता, मग त्या वाट्यात कुळवाड्याचा वाटा किती होता तेही सांगा.

धागाकर्ता

जुल्फिकारखानाचा मुद्दा बिनशर्त मान्य. मूळ मजकुरात ‘शेवटचा’ लिहिलं, ‘पहिला’ नाही. इजाऱ्याचा बचाव मी करणार नाही. पण त्या काळात खजिना रिकामा होता, जागीर वाटायला मुलूख उरला नव्हता आणि सैन्याचा पगार थकलेला होता. रतनचंद नसता तर इजारा टळला असता, असं मला वाटत नाही.

दुसरा प्रतिसाद

तुम्ही दोघंही फर्रुखसियरला विसरताय. सहा वर्षं काय चाललं होतं? बादशहाने आपल्या मर्जीतल्या मीर जुम्लाला आपल्या नावाने सही करण्याचा अधिकार दिला, म्हणजे वजीर नावापुरता. हुसेनअली मारवाडच्या स्वारीवर गेला तर अजितसिंगाला आतून खलिते: याला संपव. 1715 मध्ये तो दख्खनला निघाला तर सुभेदार दाऊदखान पन्नीला तसाच निरोप. बुऱ्हाणपूरजवळ लढाई झाली, त्यात दाऊदखानच मारला गेला. आपल्याच मीरबक्षीवर आपलेच सुभेदार घालणारा धनी असेल, तर वजिराने काय करायचं? घरी बसून मरणाची वाट पाहायची?

पहिला प्रतिसाद

घरी बसू नये, हे कबूल. बादशहाला गादीवरून उतरवणंही मी समजू शकतो. 28 फेब्रुवारी 1719 ला ते झालं. पण पुढे काय केलं ते बघा. जनानखान्यातून ओढून बाहेर काढलं, डोळे फोडले, कोठडीत कोंडलं आणि एप्रिलमध्ये गळा आवळला. ज्याच्या हातून वजिरीची खिलत घेतली, त्याचा असा शेवट! त्या दिवसानंतर दिल्लीतल्या प्रत्येक अमीराला कळून चुकलं की आज बादशहा, उद्या आपण. तुराणी सरदार, म्हणजे मूळ मध्य आशियातल्या घराण्यांचे, एकवटले ते याच धास्तीने. फर्रुखसियरच्या जागी बसवलेला रफीउद्दरजात जूनमध्ये गेला, त्याचा भाऊ सप्टेंबरमध्ये, मग मुहम्मदशहा. एका वर्षात चार बादशहा पाहिलेल्या तख्ताचा धाक कोणाला राहणार? वजिराची ताकद बादशहाच्या नावावर उभी असते. अब्दुल्लाखानाने आपल्याच पायाखालची फरशी उखडली.

तिसरा प्रतिसाद

मी अकोला जिल्ह्यातला. बाळापूरचं नाव कोणी घेत नाही म्हणून लिहितोय. ऑगस्ट 1720 मध्ये सय्यदांविरुद्ध उठलेल्या निजामाने (तुराणी सरदारांतला प्रमुख) हुसेनअलीचा पुतण्या आलमअलीला तिथेच मारलं. मराठी फौज आलमअलीच्या बाजूने लढत होती. शंकराजी मल्हार तिथे जखमी होऊन निजामाच्या हाती लागला आणि गेला. राजारामांच्या काळात सचिवपद सांभाळलेला, काशीला जाऊन राहिलेला आणि तिथून सय्यदांच्या चाकरीत शिरलेला म्हातारा. 1718 चा करार त्यानेच जुळवून आणला होता. सनदा आपल्याला फुकट मिळालेल्या नाहीत. फर्रुखसियरला उतरवताना झालेल्या दिल्लीच्या दंग्यातही दीड हजारांच्या आसपास मराठे कापले गेले. त्यांची नावं कुठे आहेत?

चौथा प्रतिसाद

एक लहान गोष्ट. अजितसिंगाची मुलगी इंद्रकुंवर 1715 मध्ये फर्रुखसियरला दिली होती. नवरा मारला गेल्यावर सय्यदांनी तिला तिच्या संपत्तीसह बापाबरोबर जोधपूरला परत जाऊ दिलं आणि ती आपल्या धर्मात परतली. मोगल जनानखान्यातून सून अशी माहेरी परत जाणं तोवर कोणी पाहिलं नव्हतं. दिल्लीत त्यावरून केवढा गहजब झाला! अजितसिंगाची मर्जी राखणं हा हिशेब त्यात होताच. पण त्या मुलीच्या बाजूने विचार केला तर तो हिशेब मला क्षुल्लक वाटतो.

धागाकर्ता

चौथ्या प्रतिसादासाठी मनापासून आभार. बाळापूरबद्दलही. शंकराजी मल्हारचा उल्लेख मीच करायला हवा होता.

पहिल्या प्रतिसादकाराला: फर्रुखसियरला कैदेत जिवंत ठेवायला हवं होतं. इथे तुमचं खरं आहे, मी मागे येतो. आणखी एक चूक मला मोठी वाटते, ती म्हणजे निजामाला माळवा देऊन दूर केल्याचं समाधान मानणं. त्याने माळव्यातच फौज बांधली आणि नर्मदा ओलांडली. त्याला रोखायला हुसेनअली बादशहाला घेऊन निघाला आणि ऑक्टोबर 1720 मध्ये तोडाभीमजवळ पालखीत अर्ज वाचता वाचता मारला गेला. अर्ज देणाऱ्यानेच खंजीर चालवला.

पण त्यानंतरचा अब्दुल्लाखान पाहा. भाऊ गेला, बादशहा शत्रूच्या छावणीत. तेवढ्यातही त्याने इब्राहीम या शहजाद्याला गादीवर बसवलं, खजिना उघडून फौज गोळा केली आणि नोव्हेंबरमध्ये हसनपूरला उभा राहिला. हरला, जखमी होऊन पकडला गेला, 1722 मध्ये कैदेत विषाने मेला. रफीउद्दरजातच्या नावाने निघालेल्या सनदांना मात्र मुहम्मदशहाच्या दरबारानेही मान्यता दिली. वजीर गेला तरी त्याच्या वजिरीतला कागद खरा धरावा लागला.

पहिला प्रतिसाद

खरा धरला, कारण शाहूंच्या मागे बाजीराव उभे होते. वजिराच्या शिक्क्याचं ते वजन नव्हतं. यावर तुमचं उत्तर वाचायला उद्या परत येतो.